पेण-रोह्याच्या शेतकऱ्यांसाठी रंगीत पानांची जास्वंद

पेण म्हटले की गणेशमूर्ती, आणि गणपती म्हटले की लाल जास्वंद. हमरापूर, जोहे परिसरातील मूर्तिशाळांत वर्षभर काम चालते, आणि श्रावणापासून मुंबई-ठाण्याची गाडी या भागाकडे वळते. रोहा तालुक्यात कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर भातशेती आहे, नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत आणि कालव्याखालील काही गावांना उन्हाळ्यातही पाणी मिळते. दोन्ही तालुके मुंबई-गोवा महामार्गावर आहेत. असे असूनही शोभेच्या झाडांची रोपवाटिका हा जोडधंदा म्हणून येथे फारसा विचारात घेतला जात नाही. रोपवाटिका म्हणजे आंबा, काजू आणि नारळ, असेच बहुतेकांना वाटते.

शेतकरी बंधु-भगिनींनो, १९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू झाली, तेव्हापासून कोकणात कलमे बांधणारे कुशल हात गावोगावी तयार झाले. हेच कौशल्य शोभेच्या झाडांनाही उपयोगी पडते. अशा झाडांपैकी थोड्या जागेत, थोड्या भांडवलात आणि घरच्या माणसांच्या बळावर करता येण्यासारखे एक झाड म्हणजे रंगीत पानांची जास्वंद. मात्र या झाडाचे वागणे साध्या जास्वंदीसारखे नाही. ते समजून न घेता शंभर कुंड्या भरल्या, तर वर्षाअखेरीस त्यातील निम्म्या कुंड्यांत साधी हिरवी जास्वंद उभी असलेली दिसेल आणि गिऱ्हाईक परत फिरकणार नाही. म्हणून लागवडीच्या आधी झाडाची ओळख करून घेऊ.

ही जास्वंद कोणती?

आपल्या परसदारी असलेल्या जास्वंदीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. लिनियसने १७५३ साली तिला हे नाव दिले, त्याचा अर्थ 'चीनचा गुलाब' असा होतो. चीन, भारत आणि प्रशांत महासागरातील बेटे येथे ती शेकडो वर्षे लावली जात आहे, पण रानात आपोआप वाढलेली कोठेही सापडत नाही. मलेशियाने १९६० साली हेच फूल राष्ट्रीय फूल म्हणून स्वीकारले. भेंडी, अंबाडी, कापूस आणि खाडीकाठचा भेंड हे सारे तिचे भाऊबंद आहेत. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण या भाऊबंदांच्या बऱ्याचशा किडी एकच आहेत.

रंगीत पानांच्या जास्वंदीला रोपवाटिकावाले 'व्हेरिगेटेड' म्हणतात. आपल्याकडे तिचे दोन प्रकार प्रामुख्याने मिळतात.

पहिला 'कूपरी'. याची पाने अरुंद, लांबट, हिरव्या रंगावर पांढरे आणि गुलाबी शिंतोडे मारल्यासारखी असतात. नवीन पालवीत गुलाबी-लाल छटा अधिक असते. फुले लहान आणि लाल. हा प्रकार एकोणिसाव्या शतकापासून इंग्लंडच्या काचघरांत वाढवला गेला आणि तेथून जगभर पसरला.

दुसरा 'स्नो क्वीन'. याची पाने रुंद, मध्ये करडी-हिरवी आणि कडेने पांढरी किंवा मलईच्या रंगाची असतात. फुले लाल, पण साध्या जास्वंदीच्या मानाने थोडी. हा प्रकार दुरूनही उठून दिसतो, म्हणून बंगल्यांच्या आवारात आणि इमारतींच्या प्रवेशद्वाराशी त्याला मागणी असते.

याच वंशातील, समुद्रकाठी वाढणाऱ्या पिवळ्या फुलांच्या एका झाडाचाही तिरंगी पानांचा प्रकार मिळतो. तो खारा वारा सोसतो, पण त्याचे मोठे झाड होते. तो कुंडीसाठी नव्हे, हे खरेदी करताना पाहावे. बेंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने जास्वंदीचे अनेक संकरित वाण तयार केले आहेत, पण ते मुख्यतः मोठ्या आणि रंगीबेरंगी फुलांसाठी आहेत. आपला विषय पानांचा आहे. फूल एका दिवसात कोमेजते, पान मात्र बाराही महिने दिसते. या झाडाचा विक्रीतील गुण तोच आहे.

पानावरचा रंग कोठून येतो?

झाडाच्या शेंड्यावरील कोवळा कोंब पेशींच्या थरांचा बनलेला असतो. कांद्याचे पापुद्रे एकावर एक असतात, तसे हे थर समजावेत. साध्या जास्वंदीत सर्व थरांतील पेशी हरितद्रव्य तयार करू शकतात. रंगीत जास्वंदीत एखाद्या थरातील पेशींनी ही शक्ती गमावलेली असते. त्या थरापासून पानाचा जो भाग बनतो तो पांढरा राहतो आणि उरलेला भाग हिरवा होतो. म्हणजे एकाच फांदीत दोन प्रकारचे झाड शेजारी शेजारी नांदत असते. यातून शेतकऱ्याच्या उपयोगाच्या चार गोष्टी निघतात.

एक : हा रंग बियांतून उतरत नाही. बी धरलेच तरी त्यातून एकतर साधी हिरवी रोपे येतात, नाहीतर पूर्ण पांढरी रोपे येतात आणि ती अन्न तयार करता न आल्याने काही दिवसांत मरतात. म्हणून अभिवृद्धी छाट कलम, गुटी कलम किंवा भेट कलम यांनीच करावी. मुळांपासून फुटलेल्या फुटव्यावरही भरवसा ठेवू नये.

दोन : पांढरा भाग अन्न तयार करीत नाही, केवळ खातो. त्यामुळे हे झाड साध्या जास्वंदीपेक्षा हळू वाढते. घाई करून खताचा मारा केल्यास वेग वाढत नाही, उलट नुकसान होते.

तीन : कोंबातील थरांची मांडणी बिघडली की एखादी फांदी पूर्ण हिरवी फुटते. ती भरपूर अन्न तयार करते, म्हणून जोमाने वाढते आणि हळूहळू रंगीत फांद्यांना झाकून टाकते. यालाच झाड 'उलटले' असे म्हणतात.

चार : कधी एखादी फांदी पूर्ण पांढरी किंवा गुलाबी फुटते. ती फार देखणी दिसते आणि गिऱ्हाईकही तीच मागते. परंतु तिचे कलम जगत नाही. झाडावर असेपर्यंत हिरव्या पानांच्या जिवावर ती तगते, एवढेच.

खरा रंग आणि रोगट रंग

पिवळे-पांढरे पान दिसले की ती रंगीत जातच असते असे नाही. अन्नद्रव्याची कमतरता, विषाणू रोग आणि कोळी यांमुळेही पाने चित्रविचित्र होतात. अशी रोपे 'नवीन जात' म्हणून विकत घेऊन मातृवृक्षांत मिसळली, तर सारा बाग रोगट होतो. म्हणून रोप घेताना पुढील खुणा पाहाव्यात.

जातीचा खरा रंग असेल तर पांढऱ्या आणि हिरव्या भागांमधील कड स्पष्ट असते. रंग पान उमलल्यापासूनच असतो. पान सपाट आणि निरोगी असते. जुन्या आणि नव्या दोन्ही पानांवर रंग दिसतो.

लोहाची कमतरता असेल तर शेंड्याकडील नवीन पाने फिकट पडतात, पण शिरा हिरव्याच राहतात. चुनखडीच्या मातीत किंवा क्षारयुक्त पाण्यावर असे होते. नत्र कमी पडल्यास उलट खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडतात. मॅग्नेशियम कमी असल्यास जुन्या पानांच्या शिरांमधील भाग पिवळा होतो.

विषाणू रोग असेल तर डाग अस्पष्ट, धूसर कडांचे किंवा वर्तुळाकार असतात. पाने आकसतात, मुरडतात, आणि झाड खुरटते. जास्वंदीवर अशी पिवळी वर्तुळे पाडणारा विषाणू हत्यारांवरील रसातून आणि रोगट छाटांतून पसरतो. पांढरी माशी पाने मुरडणाऱ्या विषाणूंचा प्रसार करते. विषाणू रोगावर औषध नाही. असे झाड उपटून नष्ट करणे हाच उपाय.

लाल कोळी असेल तर पानावर सुईच्या टोकाएवढे असंख्य फिकट ठिपके दिसतात आणि पानामागे बारीक जाळी असते.

शंका आल्यास रोप पंधरा दिवस वेगळे ठेवावे आणि नवीन पालवी पाहूनच निर्णय घ्यावा.

आपल्या भागात जागा आणि पाणी

दोन्ही तालुक्यांत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हिवाळा सौम्य असतो, कडाक्याची थंडी पडत नाही. ही हवा जास्वंदीला मानवते. अडचण दोन टोकांची आहे : पावसाळ्यात पाणी साचते आणि उन्हाळ्यात पाणी मिळत नाही.

पेण तालुक्याच्या खाडीकडील भागात शिलोत्र्यांची खार जमीन आहे. उधाणात बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढील काही हंगाम भात नीट येत नाही. अशा जमिनीत जास्वंद लावू नये. मात्र कुंडीतील झाडाला जमिनीशी देणेघेणे नसते. घराजवळच्या उंच जागेवर भराव घालून, त्यावर विटा किंवा जांभ्याचे चिरे मांडून कुंड्या ठेवल्या, तर खार पट्ट्यातही हा धंदा होऊ शकतो. अट एकच, ती म्हणजे गोड्या पाण्याची. या पट्ट्यातील बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ असते आणि फाल्गुनापासून त्याचा खारेपणा वाढत जातो. रंगीत पानांवर क्षारांचा परिणाम लगेच दिसतो : पांढऱ्या कडा तपकिरी होऊन करपतात. ज्यांच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पिण्यालाच पाणी पुरत नाही, त्यांनी हा धंदा सुरू करू नये, असेच आमचे सांगणे आहे. हजार कुंड्यांना उन्हाळ्यात रोज प्रत्येकी एक लिटर म्हटले तरी हजार लिटर पाणी लागते. हा हिशेब आधी करावा.

रोहा तालुक्यात कुंडलिकेवर भिरा वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यामुळे नदी उन्हाळ्यातही वाहती राहते आणि डोळवहाळ बंधाऱ्यावरून कालव्याला पाणी मिळते. कालव्याच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांना ही मोठी सोय आहे. परंतु कालव्याचे पाणी पाळीने येते, कुंडीला मात्र रोज पाणी लागते. म्हणून छोटी साठवण टाकी हवीच. नदीच्या खालच्या अंगाला भरतीचे पाणी चढते, तेथील पाणी घेऊ नये.

पाणी आणि माती तपासून घ्यावी. पाण्याची विद्युत वाहकता १ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असल्यास उत्तम. नमुना पावसाळ्यात न घेता एप्रिल-मे महिन्यांत घ्यावा, कारण खरी परीक्षा तेव्हाच असते. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठाचे कृषि विज्ञान केंद्र किल्ला-रोहा येथे आहे आणि खार जमीन संशोधन केंद्र पनवेल येथे आहे. आपल्या भागाला जवळ पडेल तेथे सल्ला घ्यावा.

मातृवृक्षांची निवड

धंद्याचा पाया मातृवृक्ष. सुरुवातीला प्रत्येक प्रकाराची १० ते १५ चांगली झाडे पुरेशी आहेत. खात्रीच्या रोपवाटिकेतून झाडे घेताना सर्व फांद्यांवर सारखा रंग असलेली, हिरवा आणि पांढरा भाग समतोल असलेली आणि कीडमुक्त झाडे निवडावीत. ही झाडे विक्रीच्या कुंड्यांपासून वेगळी, ४० ते ५० सेंमी व्यासाच्या कुंड्यांत किंवा निचऱ्याच्या जमिनीत १.५ × १.५ मीटर अंतरावर लावावीत. प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा आणि कोणत्या झाडाची कलमे उलटतात याची वहीत नोंद ठेवावी. जे झाड वारंवार हिरव्या फांद्या देते ते मातृवृक्षांतून काढून टाकावे. दोन वर्षांत आपल्याकडे खात्रीची निवड तयार होते. दुसऱ्याला विकत न मिळणारी अशी ही मिळकत आहे.

छाट कलम करण्याची रीत

फेब्रुवारी-मार्च किंवा जून ते ऑगस्ट हा काळ चांगला. पावसाळ्यात हवेत ओलावा असतो म्हणून मुळे लवकर फुटतात, पण कलमे पावसाच्या माऱ्यापासून छपराखाली ठेवावी लागतात.

अर्धवट पक्व झालेली, पेन्सिलच्या जाडीची फांदी निवडावी. तिच्यावरील पानांत हिरवा आणि पांढरा असे दोन्ही भाग असावेत. पूर्ण पांढरी फांदी मुळे धरत नाही आणि पूर्ण हिरवी फांदी हिरवेच झाड देते. १० ते १५ सेंमी लांबीचे, तीन-चार डोळे असलेले तुकडे करावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा घ्यावा. खालची पाने काढून वरची दोन-तीन पाने ठेवावीत आणि मोठी असल्यास निम्मी कापावीत. सर्व पाने मात्र काढू नयेत. या झाडात हरितद्रव्य मुळातच कमी, त्यामुळे उरलेल्या पानांवरच मुळे फुटण्याची भिस्त असते.

खालचे टोक इंडोल ब्युटिरिक आम्लाच्या २००० पीपीएम द्रावणात काही सेकंद बुडवावे. हे द्रावण करताना २०० मिलिग्रॅम संजीवक थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून पाणी घालून १०० मिलिलिटर करावे. हे जमत नसल्यास बाजारात मिळणारी मुळे फुटण्याची पावडर वापरावी.

धुतलेली बारीक वाळू आणि काथ्याचा भुसा समप्रमाणात घेऊन त्यात कलमे लावावीत. वर बांबूच्या कमानींवर प्लास्टिक कागद अंथरून बुटके छप्पर करावे, म्हणजे आत दमट हवा राहते. रोज थोडा वेळ कागद उघडावा. चार ते सहा आठवड्यांत मुळे फुटतात, स्नो क्वीनला थोडा अधिक काळ लागू शकतो. कलम ओढून पाहण्याचा मोह टाळावा. नवीन पालवी आली आणि ती स्थिर राहिली म्हणजे मुळे फुटली असे समजावे.

प्रत्येक मातृवृक्षानंतर कात्री स्पिरिटने किंवा ब्लिचिंगच्या पाण्याने पुसावी. विषाणू एका झाडाचा दुसऱ्यावर जाण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे आपलीच कात्री.

थोडीच झाडे करायची असल्यास जून-जुलैमध्ये गुटी कलम करावे. फांदीवरील सुमारे अडीच सेंमी रुंदीची साल गोलाकार काढून ओले शेवाळ बांधावे आणि त्यावर प्लास्टिक गुंडाळावे. मुळे दिसू लागल्यावर कलम उतरवावे.

कुंडी आणि माती

मुळे फुटलेली कलमे प्रथम ६ × ८ इंची पिशवीत आणि तीन-चार महिन्यांनी २० ते २५ सेंमी व्यासाच्या कुंडीत लावावीत. मिश्रणासाठी दोन भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग वाळू, काथ्याचा भुसा किंवा जळके भाताचे तूस घ्यावे. भातगिरणीतील तूस आपल्याकडे सहज मिळते. ते अर्धवट जाळून वापरल्यास कुंडी हलकी होते आणि निचरा सुधारतो. काथ्याचा भुसा धुऊन घ्यावा, कारण त्यात क्षार असतात. समुद्राची किंवा खाडीची वाळू वापरू नये.

पेणमध्ये शाडूची माती हाताशी असते, म्हणून काही जण ती कुंडीत मिसळतात. शाडू मूर्तीला चांगला, मुळांना नाही. तो अतिशय बारीक कणांचा असल्याने ओला असताना हवा कोंडतो आणि सुकला की दगडासारखा घट्ट होतो.

मिश्रणाचा सामू ६ ते ६.८ असावा. कुंडीच्या तळाची भोके मोठी असावीत आणि कुंडी विटेवर ठेवावी.

खते

रंगीत जास्वंदीला थोडे थोडे आणि वारंवार, हे सूत्र ठेवावे. पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत २ ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात मुळाशी द्यावे आणि त्याच्या पुढील पाळीस १३:०:४५ त्याच प्रमाणात द्यावे. जास्वंदीला पालाश अधिक आणि स्फुरद कमी लागते. म्हणून हाडांचा चुरा किंवा सुपर फॉस्फेट भरमसाट घालू नये. युरियाचा वापर टाळावा. जास्त नत्राने हिरव्या भागाला जोर येतो, कांड्या लांबतात आणि झाडाचा डौल जातो. नवीन पाने फिकट पडल्यास चिलेटेड लोह अर्धा ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून फवारावे. जोराच्या पावसाच्या दिवसांत खत वाहून जाते, तेव्हा पाऊस उघडल्यावरच द्यावे.

ऊन, सावली आणि पाऊस

या झाडात सर्वांत जास्त चूक होते ती सावलीबाबत. पाने भाजू नयेत म्हणून काही जण झाडे दाट सावलीत ठेवतात. तेथे रंग फिका पडतो, गुलाबी छटा जाते आणि झाड उंच व विरळ होते. पूर्ण उन्हात ठेवल्यास एप्रिल-मे महिन्यांत पांढरा भाग करपतो. म्हणून हंगामानुसार पुढीलप्रमाणे व्यवस्था करावी.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी : पूर्ण ऊन द्यावे. याच काळात कूपरीचा गुलाबी रंग सर्वांत खुलतो.

मार्च ते मे : सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारी सावली येईल अशी जागा द्यावी, किंवा ५० टक्के शेडनेट वापरावी. नारळ-सुपारीच्या वाडीतील विरळ सावलीही चालते. पाणी सकाळी लवकर द्यावे.

जून ते सप्टेंबर : शेडनेट काढावी, कारण ढगाळ हवेत उजेड आधीच कमी असतो. वरून पारदर्शक प्लास्टिकचे छप्पर आणि बाजू मोकळ्या, अशी रचना उत्तम. छप्पर शक्य नसल्यास कुंड्या दाटीने ठेवू नयेत आणि तळाशी पाणी साचू देऊ नये.

झाड एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवताना एकदम नेऊ नये. सावलीतले झाड उन्हात नेताना आठ-दहा दिवसांत थोडे थोडे सरावावे.

छाटणी आणि हिरवी फांदी

कलम १२ ते १५ सेंमी उंच झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटून झाड भरीव होते. दोन-तीन वेळा खुडणी केल्यास विक्रीयोग्य झुडूप तयार होते. मातृवृक्षांची मुख्य छाटणी पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये करावी. एकाच वेळी झाडाचा एक-तृतीयांशापेक्षा अधिक भाग काढू नये. आधीच कमी अन्न तयार करणाऱ्या झाडाला जास्त छाटणी सोसत नाही.

आठवड्यातून एक फेरी केवळ हिरव्या फांद्यांसाठी मारावी. हिरवी फांदी दिसताच ती केवळ शेंड्यातून न खुडता, जेथे रंगीत पान असलेला डोळा आहे तेथपर्यंत मागे जाऊन कापावी. नुसता शेंडा खुडल्यास उरलेल्या डोळ्यांतून पुन्हा दोन-तीन हिरव्या फांद्या येतात. झाड निम्म्याहून अधिक उलटले असेल तर ते रंगीत म्हणून विकू नये. साधी लाल जास्वंद म्हणून विकावे. गणपतीच्या दिवसांत तिलाही गिऱ्हाईक असते.

किडी आणि रोग

पिठ्या ढेकूण ही सर्वांत त्रासदायक कीड. शेंड्यांवर आणि पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात, शेंडे गुंतागुंतीचे होतात आणि चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते. स्नो क्वीनच्या पांढऱ्या पानांवर सुरुवातीचा प्रादुर्भाव लक्षात येत नाही, म्हणून पान उलटून पाहावे. भारतात २००८ साली आलेला पपईवरील पिठ्या ढेकूणही जास्वंदीवर जगतो. २०१० साली परदेशातून आणलेल्या परोपजीवी कीटकामुळे तो बराच आटोक्यात आला. अंदाधुंद विषारी फवारणी केल्यास असे मित्रकीटक मरतात आणि कीड पुन्हा उसळते.

प्रादुर्भाव थोडा असताना शेंडे खुडून जाळावेत. मुंग्यांचा बंदोबस्त करावा, कारण त्याच या किडीला एका कुंडीवरून दुसऱ्या कुंडीवर नेतात. जोराच्या पाण्याने पाने धुवावीत आणि ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी ही उपयुक्त बुरशी ५ ग्रॅम प्रति लिटर फवारल्यास चांगला परिणाम मिळतो. १८९८ साली भारतात आणलेला क्रिप्टोलेमस हा भुंगेरा पिठ्या ढेकूण खातो. तो सोडल्यास त्यानंतर रासायनिक फवारणी करू नये.

मावा, तुडतुडे आणि पांढरी माशी यांसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत आणि निंबोळी अर्काची फवारणी आलटून पालटून करावी. शेजारी भेंडी किंवा अंबाडी असेल तर तिकडेही लक्ष ठेवावे. रासायनिक औषधाची गरज पडल्यास लेबलवरील शिफारस पाहून आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याने वापरावे. कोणतेही औषध आधी दोन-तीन कुंड्यांवर फवारून चार दिवस पाहावे, कारण पांढरा भाग नाजूक असतो.

पावसाळ्यात मूळकूज आणि पानांवरील ठिपके येतात. निचरा हाच मुख्य उपाय. मिश्रण भरताना शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळावी. ठिपके दिसल्यास कॉपर ऑक्सिक्लोराईड २.५ ग्रॅम प्रति लिटर फवारावे. गळलेली पाने कुंडीत ठेवू नयेत.

विक्री आणि हिशेब

मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथील रोपवाटिका, उद्यानांची कामे घेणारे कंत्राटदार आणि अलिबाग परिसरातील बंगलेवाले हे मुख्य गिऱ्हाईक. महामार्गालगत जागा असल्यास थेट विक्री करता येते. पेणला मूर्ती नेण्यासाठी येणाऱ्यांना कुंडीतील जास्वंद दाखवता येते. त्यासाठी फेब्रुवारी-मार्चमधील कलमे उपयोगी नाहीत, ती भाद्रपदापर्यंत लहानच राहतात. आदल्या पावसाळ्यात केलेली कलमे पुढील गणपतीला विक्रीस तयार होतात.

हिशेब करताना लावलेल्या कलमांवर भाव काढू नये, विकल्या जाणाऱ्या झाडांवर काढावा. उदाहरणादाखल समजा, एका कलमामागे पिशवी, माती, खत आणि मजुरी धरून २० रुपये खर्च आला आणि १०० कलमे लावली, तर खर्च २००० रुपये. त्यातील ७० जगली आणि १० उलटली, तर विक्रीयोग्य झाडे ६० राहिली. म्हणजे एका झाडाचा खरा खर्च २० नव्हे, तर सुमारे ३३ रुपये. आपले आकडे घालून हा हिशेब प्रत्येकाने करावा. जगण्याचे प्रमाण वाढवणे आणि उलटलेली झाडे कमी करणे यातच नफा आहे, केवळ कुंड्यांची संख्या वाढवण्यात नाही.

प्रत्येक कुंडीला प्रकाराचे नाव लिहिलेली पट्टी लावावी आणि गिऱ्हाईकाला दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात : झाड उजेडात ठेवा आणि हिरवी फांदी दिसली की कापा. दोन वाक्यांची ही माहिती दिली नाही, तर सहा महिन्यांनी झाड उलटते आणि दोष आपल्या रोपवाटिकेला लागतो.

सुरुवात किती झाडांनी करावी?

पहिल्या वर्षी २० ते ३० मातृवृक्ष आणि २०० कलमे एवढ्यावरच थांबावे. एक उन्हाळा आणि एक पावसाळा पार पडू द्यावा. मे महिन्यातील पाणी पुरले का, पावसाळ्यात किती झाडे कुजली, किती उलटली आणि किती विकली, या चार आकड्यांवरून पुढील वर्षाचा निर्णय घ्यावा. भाताची कापणी-मळणी आटोपल्यावर मिळणाऱ्या वेळात घरातील स्त्रिया आणि तरुण मुलांना करता येईल असे हे काम आहे. त्यात अंगमेहनतीपेक्षा नजर अधिक लागते. रोज एकदा कुंड्यांमधून फिरून पान उलटून पाहणाऱ्या शेतकऱ्याला ही जास्वंद निश्चितच चार पैसे मिळवून देईल.